कोऱ्या बाटलीचं कलम

लिहून ठेवणार : पुंजाजी जानराव तायडे, वय ६९, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार लोणार, जिल्हा बुलढाणा. माझी अक्कल ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी चांगुणा हिची. तिच्या पश्चात मुलगा चंद्रशेखर याची. ती असेपर्यंत त्याने भिंत पाडायची भाषा काढू नये.

२. माझे गमबूट, चिमटे व पितळी भिंग सूनबाई मनालीला. किडा दिसला की किंचाळायच्या ऐवजी वाकून बघणारी घरात ती एकटीच.

३. ज्या प्राध्यापकसाहेबांना मी सव्वीस वर्षं सरोवरातला चिखल काढून दिला, त्यांनी आपल्या लेखात जीपवाल्याचेही आभार मानले, माझे नाही. त्यांना काही ठेवत नाही. माझ्या पुण्यानुमोदनाला आले तर चहा द्यावा, दुसऱ्यांदा विचारू नये.

४. हे कलम माझ्या मरणानंतर उंद्रीच्या समता वानखडे हिला वाचून दाखवावं, असं मी ठरवलं होतं.

समता आमच्या प्रयोगशाळेत याच साहेबांच्या हाताखाली संशोधनाला आली तेव्हा मी विचारलं होतं, या खाऱ्या, वास मारणाऱ्या पाण्यात काय आहे? ती म्हणाली, "काका, इथं जीव तगते, त मंगळावरबी कधी तगला असन. तिथं काय शोधाचं, ते इथंच शिकाचं." मला ते पटलं. नमुन्यांसोबत ती निर्जंतुक पाण्याची एक कोरी बाटली नेई आणि परत आणून तीही तपासे. त्या बाटलीत जीव निघाला तर तो आपल्याच हाताने गेलेला समजायचा, आणि मग बाकीचे नमुनेही बाद.

फेब्रुवारी २०१२ मध्ये सरोवरातून वर चढताना माझ्या हातून त्या बाटलीचं झाकण सैल राहिलं आणि निम्मं पाणी सांडलं. अर्धी बाटली परत देणं बरं दिसेना. मी ती माझ्या प्यायच्या पाण्याने भरली. हात मात्र आधी धुतले, इतका मी शहाणा.

बाटलीत जीव निघाला. वर्षभराचे नमुने बाद झाले. साहेब सगळ्यांदेखत तिला हलगर्जी म्हणाले. मी तिथेच परीक्षानळ्या पुसत उभा होतो, बोललो नाही. तिने संशोधन सोडलं. आता दुसरबीडला शाळेत शिकवते. दोष तिचा नव्हता, माझा होता. मला त्याची लाज वाटते.

इथवर लिहून मी कागद साक्षीदार इंद्रभान यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचून पेन खाली ठेवलं. "मेल्यावर काऊन सांगून राह्यला बे? फोन हाय ना तुह्यापाशी. लाव आधी, मंग सही करतो."

लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही मेल्यावर मले हे कळलं असतं, त मी कोणावर चिडली असती?"

ती रविवारी येणार आहे, चिडायला. सबब कलम ४ माझ्या हयातीतच अमलात येईल. त्या वेळी चांगुणाने मध्ये बोलू नये, आणि मी उठून आत जाऊ लागलो तर मला धरून खाली बसवावं.

साक्षीदार :
१. इंद्रभान खरात (सही)
२. शालिग्राम काकड (सही)

लिहून ठेवणार : पुंजाजी जानराव तायडे (सही)
लोणार, शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर २०२५