रंगाला हात लावू नकोस

दुकानातून,
१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय उस्ताद,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. आईचा गुडघा बरा आहे. जिना चढते, आणि वर पोचली की मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "आई गं" म्हणते, म्हणजे बरीच आहे असं समज. दुकानात दोन व्हायोलिनं आणि एक अ‍ॅकॉर्डियन खोळंबून पडलीत. गिऱ्हाइकं रोज फोन करतात, मी रोज "उद्या" म्हणते.

तुझी बेस गिटार नीट पोचली, हे फोनवर सांगितलंच होतं. खोक्यातल्या चिठ्ठीबद्दल मात्र बोलले नव्हते. "ताई, फक्त आवाज येईल असं कर. रंगाला हात लावू नकोस, बाबांच्या हाताची खूण आहे." वा रे वा. वीस वर्षं मी लोकांची वाद्यं दुरुस्त करते. जुनं वाद्य नवंकोरं करावं की आहे तसं ठेवावं, यावर नवरा-बायको माझ्या टेबलासमोर भांडतात. मी सगळ्यांना एकच सांगते, घाई करू नका, जुना रंग एकदा गेला की परत आणता येत नाही. आणि तू माशाला पोहायला शिकवायला निघालास.

पण खरं सांगू? शिकवलंस म्हणून राग आला नाही. "बाबांच्या हाताची खूण" हे वाचून अंगाची आग झाली. ती खूण मला माहीत नाही का? त्यांचा उजवा हात टेकायचा तिथला लाल रंग झिजून तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं. तू त्यांच्या मांडीवर बसून तिथे हात ठेवायचास, वर त्यांचा हात. मी समोर उभी, पाना घेऊन. "उस्ताद, तार दाब." "मेकॅनिक, पाना दे." एकदा म्हटलं, बाबा, मीही दाबून बघते. तर म्हणाले, "तुझे हात कामाचे आहेत गं." मी वेडी, ते कौतुक समजून दिवसभर मिरवत होते.

बाबा गेले तेव्हा भेटायला येणारा जो तो तुझा हात हातात घेऊन "अगदी वडिलांचाच हात" म्हणत होता. मी पाण्याचे ग्लास फिरवत होते. महिन्याभराने आईने गिटार तुला देऊन टाकली. मला विचारलं असतं तर मीही "त्यालाच दे" म्हटलं असतं. पण विचारायला काय झालं होतं?

जळत होते मी तुझ्यावर. चाळिशी उलटली तरी जळते.

आता मुद्द्यावर येते. फोनवर मी म्हणाले, खुणेजवळचा रंग सुटत होता, म्हणून थोडं काम करावं लागलं. तू बिचारा म्हणालास, "तुला योग्य वाटलं ना, मग झालं." मी सांगितलं ते खोटं होतं. रंग घट्ट होता. मंगळवारी सकाळी शटर उघडलं आणि चहासुद्धा न घेता मी पॉलिश पेपर हातात घेतला. खुणेच्या कडा घासून सपाट केल्या, अस्तर दिलं, लाल रंग मारला, चकाकी आणली. काम इतकं सुरेख झालंय की खूण नेमकी कुठे होती हे आता मलाही सांगता येणार नाही. हात निसटला वगैरे काही नाही, चांगली भानावर होते. घासताना बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

शुक्रवारी आवाजाचं काम काढलं. आतल्या वायरी झाकणारी समोरची प्लास्टिकची पाटी उघडली.

तुला आठवणार नाही, तू चार वर्षांचा होतास, मी अकरा. बाबांच्या कार्यक्रमाला तासभर उरला होता आणि गिटार मुकी झाली. त्यांचा चष्मा नेमका फुटलेला. म्हणाले, "मेकॅनिक, तुझे डोळे चांगले आहेत, ये." आतल्या तीन वायरी मी सोल्डर केल्या. वाटाण्याएवढे ओबडधोबड गोळे झाले, पण वाजली. बाबा म्हणाले, "आज भागलं. उद्या कारागिराकडून नीट करून घेतो." दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन गेले. मी बाथरूमची कडी लावून रडले. पुन्हा कधी माझं काम दुसऱ्या कुणाला करावं लागू नये, या हट्टापायी मी या धंद्यात आले. आजवर कुणाला बोलले नाही.

ते तिन्ही गोळे तसेच आहेत. शिवाय प्रत्येकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. तुला त्याचा अर्थ कळायचा नाही. आमच्या धंद्यात जाणता कारागीर दुसऱ्याचं काम तपासतो आणि पक्कं वाटलं तर असा ठिपका देतो. म्हणजे बघितलं, बरोबर आहे, पुढच्याने हात लावू नये. मीही देते. बाबांनी मला हे का सांगितलं नाही, देव जाणे. विसरले असतील, नाहीतर मला माहीतच आहे असं धरून चालले असतील. पण शेवटपर्यंत ते माझ्याच सोल्डरवर वाजवत होते. नंतर तूही. बिघाडसुद्धा तिथे नव्हता. केबल खुपसतात त्या जॅकची वायर तुटली होती, पाच मिनिटांचं काम.

बाबांनी माझं काम जपलं आणि मी त्यांची खूण पुसली.

खोटी झीज करता येते. हौशी लोक मुद्दाम करून मागतात आणि मला ती जमते. पण बाबांच्या नावाने ते करणार नाही. तेव्हा खूण परत मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

गिटार कुरियरने पाठवत नाही. तू ये. शिव्या घालायच्या असतील तर आईसमोर घाल, माझी हरकत नाही. पाटी मी उघडीच ठेवली आहे. तिन्ही गोळे बघ. काढून टाकावेसे वाटले तर सोल्डर गन तापवून देईन, दोन मिनिटांत निघतील, फक्त हात तुझा असू दे. काढू नकोस, असं मनात फार आहे. पण ते मागायचा हक्क मी मंगळवारी घालवला.

रंगाला हात लावलेली,
तुझी मेकॅनिक