पानाची डावी बाजू

ठाणे,
१४ जुलै

चि. सुशांत,
अ. उ. आ.

फिजिओच्या बाईंनी तुला डाव्या हाताने रोज थोडं लिहायला सांगितलंय, असं श्रियावहिनी फोनवर म्हणाली. मग मलाच लिही की! मोबाइलवर तुझं नुसतं 'हं' आणि 'बरं' येतं. कागद उजवीकडे कलता ठेव आणि हात ओळीच्या खाली, नाहीतर शाई पुसते. जन्मजात डावरी सांगतेय, ऐक.

एप्रिलमध्ये मशीनने उजवा पंजा मनगटासकट नेला, तेव्हापासून तू कुणाबरोबर जेवायला बसत नाहीस, आई भरवते, हेही कळलंय. अरे, असं किती दिवस? राखीपौर्णिमेला मी येते. माझ्यासमोर बसून आपल्या हाताने जेवायचं. ओवाळणी म्हणून एवढंच दे, साडी नको.

रागावलास तरी चालेल, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
रसिकाताई


मानपाडा, डोंबिवली,
२२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हात जोडता येत नाहीत, तेव्हा एका हाताचा नमस्कार चालवून घे.

अक्षर बघ, पहिलीतल्या पोरासारखं. परवा कंपनीतला सुमित आलेला. म्हणाला, लेफ्टी झालास, आता ओपनिंगला ये. सगळे हसले. मीपण हसलो बहुतेक. क्रिकेटमध्ये लेफ्टी म्हटलं की कौतुक असतं. आपल्या घरात तुला डावरी म्हणायचे, ते उलथनं उगारूनच.

आईने तुझ्या बोटांवर मारलेलं आठवतं. तो हात धुवायचा, जेवायचा नाही. तेच डोक्यात बसलंय. डाव्या हातात घास घेतला की हात तोंडापर्यंत येतच नाही. वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. आई भरवते, मी गिळतो. चवही लागत नाही.

तू येऊ नकोस. राखी पोस्टाने पाठव. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
सुशांत


ठाणे,
३० जुलै

चि. सुशांत,
अ. उ. आ.

राखी पोस्टाने? बरा आहेस ना! मनगट अजून एक आहे, मी त्यावर बांधेन.

लेफ्टीचं म्हणशील तर शाळेत थ्रोबॉलच्या बाई मला लेफ्टी, लेफ्टी म्हणत पुढे उभी करायच्या. तीच मी घरी येऊन उजव्या हाताने वरण सांडायची आणि धपाटा खायची. आजही चारचौघांत उजव्यानेच जेवते. मला आईचा राग आहे, सरळ सांगते. पण तू तिच्या पदराआड बसू नकोस. मी येते आणि तिच्यासमोर डाव्या हाताने जेवते. मारायचं तर मारू दे.

थोडा माझ्यावर लोभ कर, थोडा स्वतःवर.

तुझी,
ताई


मानपाडा, डोंबिवली,
११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा तू डाव्या हाताने नारळीभात खाल्लास. आई उठून आत गेली. मी ताटाला हात लावला नाही. तू रडत रिक्षात बसलीस. मला तेव्हा काही वाटलं नाही, खरं सांगतो.

काल दुपारी आईने ताट ठेवलं आणि भरवायला बसलीच नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं उजवीकडे. भाजी, आमटी डावीकडे. तिला तू ओळखतेस. चटणी भलत्या बाजूला पडली तर श्रियाला परत वाढायला लावते ती. मला वाटलं, वय झालं, चुकली. विचारलं. भिंतीकडे बघत म्हणाली, डाव्या हाताला आमटी जवळ नको का? थोड्या वेळाने म्हणाली, रसिकाचं पान असंच वाढायला पाहिजे होतं, तिला लिही.

म्हणून लिहितोय. पुढच्या वेळी तुझंही तसंच वाढणार आहे म्हणते. ये.

मी जेवलो. निम्मं मांडीवर सांडलं. आमटीत मीठ जास्त पडलेलं, ताई. मला कळलं.

लोभ असाच राहो, मला लागतो.

तुझा,
सुशांत