आठवी गोष्ट

बदलापूर गाव,
९ ऑक्टोबर १९५४

तीर्थस्वरूप श्रीपादमामांस हेमचंद्राचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे (म्हणजे सोमवारपर्यंत होतो). तुमचा दमा कसा आहे? पत्र बसूनच वाचावं.

तुमचा कथासंग्रह टेकचंदशेठना दाखवायला तुम्ही माझ्याकडे पाठवलात. शेठचं उल्हासनगरात कापडाचं दुकान आहे आणि मराठी बोलपट काढायची हौस आहे. मी लगेच निघालो होतो, पण वाटेत अंबरनाथच्या देवळाचे फोटो काढणारा एक गृहस्थ भेटला. त्याची तिपाई धरण्यात तीन दिवस गेले, ते असो. सांगायचं म्हणजे पुस्तक वाचायचं राहिलं. पानं कडेला जोडलेलीच होती, कापलेली नव्हती हो. पहिल्या गोष्टीची कापली, तेवढ्यात घरमालकीण वेणूबाईंनी बोंबलांसाठी सुरी परत नेली.

शेठना मराठी वाचता येत नाही. म्हणाले, "किताब राहू दे, मुंह से बोल." पहिली गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता ते छिटाचा तागा मोजायला लागले. म्हणाले, "दुसरी?" आता दुसरी कुठून आणू? तोंडातून निघून गेलं, की एक लेखक असतो, तो जेवताना बायकोला आपल्या गोष्टी वाचून दाखवतो, रोज आमटी निवते, आणि एक दिवस तो दूध आणायला बाहेर पडताच ती आतून कडी लावते. (गणपतीत तुमच्याकडे झालं ते मी खरंच कुणाला सांगणार नव्हतो.) मग तो पायरीवर बसून उरलेली गोष्ट मोठ्यानं वाचतो. शेठ हसून गादीवरून घसरले. "हीच घ्यायची. काय डोकं आहे तुझ्या मामाचं."

हेंद्रेपाड्यात शूटिंगसाठी दारसुद्धा पसंत करून झालं. जाहिरात छापायला गेलीय, तुमच्या नावानं, तुमच्या संग्रहातली गोष्ट म्हणून. आणि शेठचे मुनीम मराठी निघाले. ते गुरुवारी पुस्तक वाचायला बसणार. तुमच्या सात गोष्टींत ती नाही हे कळलं, की मी तर गेलोच, पण तुम्हीही खोटे ठराल.

मामींना नमस्कार सांगावा (कारण न सांगता).

तोंड लपवायला जागा शोधणारा भाचा,
हेमचंद्र

ता. क. : संग्रहाची दुसरी आवृत्ती काढणार होतात ना? ती गोष्ट आठवी म्हणून तीत घाला. बुधवारच्या आत लिहून पाठवा. मुनीमजींना मी सांगून बसलोय, की जुनं पुस्तक अपुरं आहे.

आणखी एक : शेठ विचारतात, बायको शेवटी दार का उघडते. मला त्या दिवशी मधूनच गाडीला पळावं लागलं होतं, म्हणून म्हटलं, लेखकाला विचारतो. पण तुम्ही तर तेव्हा दाराबाहेर होतात. मामींना विचारून कळवा.