गुणाजीची बस आणि गुळाची आंबील

दिवा, ७ जानेवारी २०२५

ती. सौ. शीलावन्सं यांना शालूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि माझा आवाज चढला की फोन ठेवता, म्हणून लिहायला बसले. तुमची रुचिता ठाण्याच्या क्लासहून येताना आमच्याकडे डोकावते, तिच्याच हाती देते. आता वाचावंच लागेल.

तुमच्या भावाची शुगर वाढली, बसकंपनीच्या डॉक्टरने त्यांना शाळेच्या बसच्या स्टिअरिंगवरून उतरवलं, खरं आहे. तीन महिन्यांनी परत तपासणी. तेव्हाही शुगर वाढलेली निघाली तर बस कायमची गेली. मग आत्तासारखंच कायम शाळेच्या गेटवर वॉचमन, पगार निम्मा. हे मला रोज सांगायला नको, मी त्याच घरात राहते.

पण ठाण्याच्या त्या डाएटवाल्या मॅडमकडून तुम्ही यादी आणलीत, ती मला जमणार नाही. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्हचं तेल, वर शुगरवाल्यांच्या पावडरचा अकराशेचा डबा. ॲव्होकॅडो मी बाजारात विचारला. भाजीवाली म्हणाली, बाई, मेथी घ्यायची तर घ्या, गिऱ्हाईक खोळंबलंय. घेतली मेथी.

गोळ्या वेळेवर देते. नाचणीची नाहीतर ज्वारीची भाकरी, कुळथाची पिठी, बाजार उठताना स्वस्तात मिळेल ती पालेभाजी, बुधवारी बांगडा. मटकीला मोड आणते, पाण्याचा टँकर आला तर. बिस्किटं, फरसाण बंद. घरातली साखर शेजारणीला देऊन टाकली. ह्यांनी तोंड वाकडं केलं. करू देत.

यादी परत पाठवतेय. राग धरा, माया पातळ करू नका.

तुमची शालू

डोंबिवली, ९ जानेवारी

चि. सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून रुचिता हसत सुटली. मी नाही हसले. अगं, माझा एकुलता एक भाऊ आहे तो. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू कुणाचं ऐकलं नाहीस, ते मी चालवून घेतलं, कारण तुझ्या हाताला चव आहे. पण हा चवीचा विषय नाही. पावडरचे पैसे मी देते म्हटलं तर तेही तुला टोचतं.

महिनाभर तुझ्या मनासारखं कर, मग रक्त तपासून घे. शुगर उतरली नाही तर माझं ऐकायचं. जीव आहे म्हणून बोलते, हे ध्यानात असू दे.

शीला

दिवा, १९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना शि. सा. न.

तपासली. वाढली.

रिपोर्ट घेऊन मी डॉक्टरांकडे भांडायच्याच तयारीने गेले. त्यांनी सकाळपासूनचं खाणं विचारलं, मी सांगत गेले. नाचणीच्या आंबिलीत गूळ म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, चहात? म्हटलं, गूळच. गावाकडचा, काळा.

काय सांगू वन्सं! आपल्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी, आजाऱ्याला गुळाची आंबील. गूळ कधी बाधेल असं मनातच आलं नाही. डॉक्टर म्हणतात, साखर काय, गूळ काय, शुगरवाल्याला दोन्ही सारखंच. तुमचा भाऊ आंबील दोनदा मागून घ्यायचा, तिथेच मला संशय यायला हवा होता.

आता म्हणाल, ठरलंय तसं वाग. नाही वागणार. चूक माझी झाली, नाचणीची नाही. आंबील आता ताकातली, मीठ-जिरं घालून. चहा बिनसाखरेचा. जेवले की ह्यांना शीळफाट्याच्या रस्त्याने चालवते, मी मागे.

बसमधली मुलं गेटवर विचारतात, काका, परत कधी? हे रजिस्टरात मान घालतात. मला ते दिसत नाही असं समजू नका. रागवलात तरी आपलं म्हणा.

शालू

डोंबिवली, २१ फेब्रुवारी

चि. शालूस आशीर्वाद.

पावडरचा डबा आणलाय, रुचितासोबत पाठवते. दीड महिना उरला. तुझ्या हट्टापायी गुणाजीने जन्मभर गेट उघडायचं का? एवढं एक ऐक गं. पाया पडते म्हण हवं तर.

शीला

दिवा, २२ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना शि. सा. न.

तुम्ही पाया पडू नका, मोठ्या आहात. डबा परत पाठवला आहे, सील तसंच आहे. पैसे तुमचेही झाडाला लागत नाहीत. भावोजींचा बीपीचा त्रास मला माहीत आहे, त्यांना फळं आणा.

मी तोंडावर पडले तर तुमच्या दारात येऊन शिव्या खाईन, सगळ्या मजल्याला ऐकू येतील अशा. तोवर ह्यांच्या ताटात काय पडायचं ते मी ठरवणार. ह्यांना मीच जेवायला वाढते, ती मॅडम नाही. बोला किंवा बोलू नका, मी तुमचीच.

शालू

दिवा, ११ एप्रिल

ती. वन्सं यांना शि. सा. न.

बस मिळाली! काल तपासणी झाली. आकडा अजून मोठाच आहे, पण बस चालवायला चालेल एवढा उतरला. गोळ्या चालू, तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

कंपनीच्या डॉक्टरने विचारलं, कुठल्या मॅडमचं डाएट? तुमचा भाऊ, जो माझ्यासमोर कधी चांगलं म्हणाला नाही, म्हणाला, घरच्याच मॅडमचं. फी नाही, ओरडा फार.

रविवारी सगळे जेवायला या. न येऊन मला एकटीला फुशारकी मारायला लावू नका.

तुमची शालू

ता. क. आनंदाच्या भरात हे पाव किलो जिलब्या घेऊन आले. दारातच पुडकं काढून घेतलं. दोन शेजारी दिल्या, बाकीच्या ह्यांच्यासमोर बसून मी खाल्ल्या. मला कुठे शुगर आहे?