ब्याण्णव गुणांचा ट्रक

सोमवार, ४ मार्च
सैन्याच्या नव्या ट्रकच्या चाचणीत शंभरात ब्याण्णव! गाडी फसते का हे पाहायला आमच्याच हॅकर टोळीनं चालत्या ट्रकच्या संगणकात शिरून डॅशबोर्डवर खोटंनाटं दाखवलं — इंजिन पेटतंय, ताबडतोब थांबा. तरी ट्रक वेळेत पोचला. साहेब गॅरेट खूश. मला म्हणे, "डेनिस, याला म्हणतात टणक गाडी."

टणक डोंबल! चालवत होता हॉलिस. सैन्यात तीस वर्षं गाड्या हाकून निवृत्त झालेला म्हातारा. त्यानं डॅशबोर्डकडे पाहिलंसुद्धा नाही, इंजिनाच्या आवाजावर ट्रक आणला. आम्ही गाडी मोजतोय की हॉलिसला?

बुधवार, ६ मार्च
गॅरेटला म्हणाले, नवशिका चालक दे. म्हणे, "नवशिके घाबरून थांबतात. आकडे बिघडतात." अरे, तेच तर मोजायचंय! हे ट्रक माझ्या भाचीच्या तुकडीला जाणार आहेत. कॉरिन गेल्या वर्षी भरती झाली. स्क्रीन थांब म्हणाली की ती गोळीबारातही थांबेल, कारण तिला तसंच शिकवलंय. तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवार, ७ मार्च
कुणाशी बोलले नाही. बोलले असते तर भांडले असते.

शुक्रवार, ८ मार्च
कॅन्टीनमध्ये तळलेला मासा. हॉलिससमोर जाऊन बसले आणि सरळ सांगितलं — तुमच्यामुळे गाडीचा दोष झाकला जातोय.

त्यानं काटा खाली ठेवला. "पोरी, जन्मभर मी गाड्या घरी आणल्या. आता आणू नको म्हणतेस?"

"आणा. पण मग ब्याण्णव गुण तुमचे, ट्रकचे नव्हेत."

मासा तसाच टाकून उठून गेला. वाईट वाटलं. पण राग जास्त, त्याचाही आणि माझाही.

मंगळवार, १२ मार्च
सैन्याचे अधिकारी आले होते, शेवटची चाचणी. स्क्रीनवर 'थांबा' आलं आणि हॉलिसनं माळाच्या मधोमध ट्रक बंद केला. गुण एकोणतीस.

गॅरेट लालबुंद. "लिहा, चालकाची चूक."

हॉलिस सावकाश खाली उतरला. "लिही की. चालकानं तुझ्या गाडीवर विश्वास ठेवला, असं लिही."

बुधवार, १३ मार्च
सैन्यानं ट्रक घेणं थांबवलं. गॅरेटनं हॉलिसलाही उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.