कासवाच्या पाठीवरचे कुंकू

देवास, माघ वद्य षष्ठी, शके १८३०. दिवेलागण.

कचेरीतून आल्यावर आधी कासव पाहिले. दोन दिवस त्याने पाल्याला तोंड लावलेले नाही, आणि जवळ गेले की कुजका वास येतो. आत्या त्याला देव मानते. नेमावरहून आणल्यापासून रोज सकाळी त्याच्या पाठीवर तेल आणि कुंकू. त्या लाल थराखाली काय चालले आहे ते दिसणार कसे?

कोमट पाण्याने एक कोपरा धुतला. पिवळ्या चांदण्या असायच्या तिथे कवच पांढरट, भुसभुशीत. नख सहज आत गेले. आता सगळी पाठ धुवायची, कोरडी ठेवायची, कोवळे ऊन द्यायचे, जखमेवर हळद. आणि तेल-कुंकू बंद. पण हे आत्याला सांगायचे कसे?

आत्या बालविधवा. तिचे बोट कुंकवाला लागते ते एवढ्यापुरतेच. मग दुपारपर्यंत ते बोट लाल असते. मी रोज पाहतो.

शेवटी सांगितले. ती कासवाजवळ येऊन बसली.

"माझ्या हातानं झालं का रे हे?"

"तेलानं झालं, आत्या."

खोटे बोललो का मी?

तिने पदर खोचला आणि माझ्या हातातला ओला फडका घेतला.

"दे इकडं. माझं पुसलं तेव्हा फार खसाखसा पुसलं होतं. याचं मी हळू पुसते."

पाठ धुऊन झाली. त्यानंतरही ती कितीतरी वेळ आपले ते बोट धूत होती.