तिसरा हिरडा

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार
कापड्याच्या वरच्या वाडीत अखेर मुक्काम पडला. पोलादपूरहून एसटी, पुढे दीड तासाचा चढ. पाठीवर भिंग, छिन्नी, प्लॅस्टिकचे कागद. साळूबाईंच्या पडवीत जागा मिळाली. पन्नाशी उलटलेल्या, एकट्याच राहतात. नाचणीची भाकरी अशी की पुणं विसरावं. मी काय करायला आलोय हे सांगता सांगता घाम फुटला. शेवटी म्हटलं, मसाल्यातलं दगडफूल असतं ना, त्याची झाडाच्या सालीवर राहणारी भावंडं शोधतोय. त्या पोटभर हसल्या. शिकलेल्यांना दुसरी कामं नसतात, असं त्यांचं मत दिसलं. पूनम महाडला माहेरी आहे, सातवा लागलाय. मुलगी झाली तर मैथिली, हे ठरलंय.

१९ नोव्हेंबर
सापडलं! ओढ्याकाठच्या राईत, तिसऱ्या हिरड्यावर, छातीच्या उंचीला एक पांढरा गोल डाग. कड गुलाबी, आकार लहान मुलाच्या तळव्याएवढा. माझ्या एकाही पुस्तकात नाही. ही मंडळी वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात, म्हणजे हा चांगलाच मुरलेला असणार. छिन्नीने सालीसकट काढला. पोटॅशचा थेंब टाकला. आधी पिवळा झाला, मग रक्तासारखा लाल. ही आमची नेहमीचीच परीक्षा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुण्याला सरांना पत्र टाकलं, नकाशासकट. नवी जात निघाली तर मैथिलीचंच नाव देणार. लेकीच्या आधी तिच्या नावाचं बारसं!

२० नोव्हेंबर
शरमेने मान वर होत नाही. दुपारी साळूबाई त्या हिरड्यापाशी दिसल्या, खोडाच्या जखमेवर हात ठेवून. वाडीत विचारलं तेव्हा कळलं, दात न आलेलं मूल इथे राईत पुरतात. मग त्या झाडावर जो डाग उमटतो, तेच आपलं मूल मानतात. त्यांची लेक तीन महिन्यांची होऊन गेली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. रोज दुपारी त्या डागावर तळवा टेकून येत. छिन्नी लावण्याआधी मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. राईतल्या झाडाला कोणी हत्यार लावेल, हे वाडीत कोणाच्या डोक्यातच येत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "निजली व्हती रे माझी पोर. कशाला उठवलीस तिला?" संध्याकाळी भाकरी मात्र रोजच्यासारखी वाढली.

डिंकाने तुकडा परत चिकटवून पाहिला. पडला.

२६ नोव्हेंबर
पुडीतला तुकडा अजून ओला आहे, अजून लाल. आठवडा झाला, केव्हाच वाळायला हवा होता. आणि झाडाच्या जखमेत नवा गुलाबी ठिपका. तीन दिवस प्लॅस्टिकवर त्याची कड गिरवतोय. रोज नखभर वाढतोय. हे होऊच शकत नाही. साळूबाईंनी हात लावून पाहिला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ही माझी नाय, म्हणाल्या. मग रडायला लागल्या. मला जवळ ओढून विचारलं, तुझी बायको कुठं हाय रे?

दुपारची एसटी गाठतोय.

३० नोव्हेंबर, महाड
सातव्यातच. मुलगी. दोन दिवस होती. पूनम भिंतीकडे तोंड करून –

१ डिसेंबर
सासरे नदीकाठी पुरू म्हणत होते. मी ऐकलं नाही. एसटीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, निजलंय का. हो म्हटलं.

साळूबाईंनी हिरड्याखाली खड्डा खणून ठेवला होता. मी निरोप पाठवला नव्हता.

६ डिसेंबर
डाग तळव्याएवढा झाला. तिच्या तळव्याएवढा. हात ठेवला की गरम लागतो. आज हाताखाली हललं – झोपेत छाती हलते तसं. फार भीती वाटते. आणि हात काढवत नाही. पूनमला काय लिहू, कसं –

९ डिसेंबर
ताप. पाय उचलत नाहीत. साळूबाई धापा टाकत सांगून गेल्या – पुण्याची माणसं आलीत, सरळ राईत शिरलीत. सरच. नकाशा मीच दिलेला. त्या अडवायला गेल्यात, पण म्हातारीचं कोण ऐकतं. मी तरी ऐकलं असतं का? हे पान फाडून कोणाच्या तरी हाती –

सर, तिसऱ्या हिरड्याला हात लावू नका. तिथे माझी –

छिन्नी. ऐकू येतेय. आणि रडणं – साळूबाईंचं नाही, इतकं बारीक –

सर थांबा तिला उठवू न